हलक्या मूलद्रव्यांचा उगम आणि स्फोटक तारे : 'क्ष'-प्रक्रियेच्या उकलीचा इतिहास

प्रस्तावना

१९५७ च्या ऑक्टोबर महिन्यात 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स' या अमेरिकी नियतकालिकात शंभराहून अधिक पानांचा एक प्रबंधवजा लेख प्रसिद्ध झाला. मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल हे त्याचे चार लेखक. विश्वातील मूलद्रव्ये ताऱ्यांच्या अंतर्भागात कशी घडतात, याचा सांगोपांग आराखडा या लेखाने मांडला. त्यासाठी लेखकांनी आठ प्रक्रिया कल्पिल्या होत्या. त्यांपैकी सात प्रक्रियांमागील अणुकेंद्रीय क्रिया कमीअधिक प्रमाणात स्पष्ट होत्या. आठव्या प्रक्रियेला मात्र त्यांनी नुसते 'क्ष' असे नाव दिले. ड्यूटेरियम, लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन ही हलकी अणुकेंद्रे ज्या कोणत्या मार्गाने निर्माण झाली असतील, ती ही क्ष-प्रक्रिया. बीजगणितात अज्ञात राशीला जे अक्षर देतात तेच येथे योजले होते. सोने, युरेनियम यांसारख्या जड मूलद्रव्यांचा उलगडा करणाऱ्या या चौघांना आवर्तसारणीतील तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या घराचा हिशेब मात्र लागत नव्हता.

प्रस्तुत निबंधात या 'क्ष'च्या उकलीचा मागोवा घेतला आहे. हलकी मूलद्रव्ये महास्फोटात व जड मूलद्रव्ये ताऱ्यांत निर्माण झाली, अशी सुटसुटीत विभागणी पाठ्यपुस्तकांतून अनेकदा केलेली आढळते. हायड्रोजन आणि हेलियम यांच्यापुरती ती ग्राह्य आहे, पण त्यापुढे ती टिकत नाही. बेरिलियम आणि बोरॉन यांची निर्मिती महास्फोटात जवळजवळ झालीच नाही. सूर्यमालेतील लिथियमपैकीही महास्फोटाचा वाटा चौथ्या हिश्श्याहून अधिक नसावा, असे आजचे आकडे सांगतात. उरलेल्याचा शोध घेताना संशोधकांना वारंवार स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांकडेच वळावे लागले. मात्र हे वळण सरळ नव्हते.

हलक्या अणुकेंद्रांची अडचण

लिथियमचा शोध १८१७ मध्ये स्वीडनमध्ये लागला. योहान आउगुस्ट आर्फवेडसन या तरुण रसायनशास्त्रज्ञाने बर्झेलियस यांच्या प्रयोगशाळेत पेटॅलाइट नावाच्या खनिजाचे विश्लेषण करताना हे मूलद्रव्य ओळखले. ते दगडात सापडले म्हणून दगड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नामकरण झाले. दगडासारखे नाव धारण करणारे हे मूलद्रव्य ताऱ्यांच्या पोटात मात्र अत्यंत नाजूक ठरते. सुमारे २५ लाख अंश तापमानाला लिथियमचे अणुकेंद्र प्रोटॉनच्या धडकेने फुटून हेलियम बनते. बेरिलियम सुमारे ३५ लाख आणि बोरॉन सुमारे ५० लाख अंशांपर्यंत तग धरतात. सूर्याच्या केंद्राचे तापमान दीड कोटी अंशांच्या घरात असल्याने तेथे या तिघांपैकी कोणाचाही निभाव लागत नाही. अशनींमधील लिथियमच्या तुलनेत सूर्याच्या पृष्ठभागावरील लिथियम सुमारे दीडशे पटींनी कमी भरते, याचे कारण हेच. थोडक्यात, इतर मूलद्रव्ये शिजविणारी भट्टी ही तीन मूलद्रव्ये जाळून टाकते.

मग ती ताऱ्यांपूर्वीच घडली असावीत काय? जॉर्ज गॅमो यांची धारणा तशीच होती. १ एप्रिल १९४८ च्या 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये त्यांनी राल्फ आल्फर यांच्यासह विश्वाच्या प्रारंभीच्या तप्त अवस्थेत सर्वच मूलद्रव्ये निर्माण झाल्याचे सुचविले. हान्स बेथे यांचे नाव गॅमो यांनी केवळ ग्रीक वर्णमालेतील पहिल्या तीन अक्षरांचा यमक साधावा म्हणून मध्ये घातले, ही गोष्ट सुपरिचित आहे. त्या विनोदापेक्षा त्या सिद्धांतासमोर उभा राहिलेला अडथळा अधिक महत्त्वाचा होता. पाच आणि आठ या वस्तुमानांकांचे स्थिर अणुकेंद्र निसर्गात नाही. एकेक न्यूट्रॉन जोडत वर चढण्याच्या जिन्यातील या दोन पायऱ्याच नाहीशा झालेल्या असल्याने, झपाट्याने थंड होणाऱ्या विश्वात हेलियमपलीकडे जाणे जवळपास अशक्य होते. चार वस्तुमानांकाच्या हेलियमवर तीन वस्तुमानांकाचा कण आदळून थोडेसे लिथियम-७ तेवढे तयार होऊ शकते.

ताऱ्यांमध्ये ही दरी ओलांडली जाते, हे १९५२ मध्ये एडविन साल्पीटर यांनी आणि १९५३ मध्ये हॉइल यांनी दाखविले. तीन हेलियम अणुकेंद्रे जवळजवळ एकाच वेळी एकत्र येऊन थेट कार्बन बनते. हॉइल यांनी त्यासाठी कार्बनच्या अणुकेंद्रात एका विशिष्ट ऊर्जापातळीचे भाकीत केले आणि कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील केलॉग प्रयोगशाळेत ती पातळी प्रत्यक्ष सापडली. या यशाने ताऱ्यांचा पक्ष भक्कम झाला. परंतु नीट पाहिले असता, हेलियमवरून कार्बनवर मारलेल्या या उडीत लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन खालीच राहून जातात. क्ष-प्रक्रियेची गरज याच यशातून उद्भवली होती.

हॉइल यांच्यापुढील पेच वैचारिकही होता. ते स्थिरस्थिती सिद्धांताचे प्रणेते. विश्वाला प्रारंभच नसेल, तर मूलद्रव्यांना जन्मस्थान म्हणून ताऱ्यांखेरीज पर्याय उरत नाही. त्यांच्या प्रतिपक्षाला अशी सक्ती नव्हती. म्हणून हलक्या मूलद्रव्यांचा प्रश्न हॉइल यांना जितका टोचत होता तितका तो त्या काळी क्वचितच कोणाला टोचत असेल.

ठिकऱ्यांचा मार्ग

पहिला प्रयत्न घराजवळच झाला. फाउलर, जेस्सी ग्रीनस्टाइन आणि हॉइल यांनी १९६२ मध्ये असे सुचविले की, बाल्यावस्थेतील सूर्याने फेकलेले वेगवान प्रोटॉन सूर्यमालेतील बर्फाळ खडकांवर आदळले आणि ऑक्सिजन, सिलिकॉन इत्यादींच्या अणुकेंद्रांच्या ठिकऱ्या उडून हलकी मूलद्रव्ये निर्माण झाली. हे खरे असते, तर लिथियम आणि बेरिलियम ही सूर्यमालेची खास मालमत्ता ठरली असती. पण तशीच मूलद्रव्ये इतर ताऱ्यांतही तितक्याच प्रमाणात आढळत होती. कल्पना मागे पडली. तीमधील 'ठिकऱ्या' हा भाग मात्र टिकला.

१९७० मध्ये ह्यूबर्ट रीव्ह्ज, फाउलर आणि हॉइल यांनी 'नेचर'मध्ये लिहिलेल्या लेखात सूर्याच्या जागी विश्वकिरण आले. विश्वकिरण म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पोचलेले प्रोटॉन व इतर अणुकेंद्रे. त्यांच्या घटकांमध्ये लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन यांचे प्रमाण सूर्यमालेतील प्रमाणाच्या लाखो पटींनी अधिक असल्याचे तोवर माहीत झाले होते. तारकांमधील विरळ वायूतून प्रवास करताना कार्बन आणि ऑक्सिजन यांची अणुकेंद्रे फुटतात आणि हे तुकडे मागे राहतात, हे त्याचे सरळ स्पष्टीकरण. रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा केला : आकाशगंगेच्या संपूर्ण आयुष्यात असे किती तुकडे साठतील? मोरीस मेनेगुत्सी, जाँ ओदूझ आणि रीव्ह्ज यांनी १९७१ मध्ये तपशीलवार गणित केले. बेरिलियम आणि लिथियम-६ यांचे उत्तर निरीक्षणांशी चांगले जुळले. अर्ध्या क्ष-प्रक्रियेला अशा रीतीने नाव मिळाले.

येथे स्फोटक ताऱ्यांचा पहिला संबंध येतो. वाल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्येच अतिनवताऱ्यांतून विश्वकिरण निघत असावेत, असा तर्क केला होता. अतिनवताऱ्याच्या आघात-लाटेत प्रोटॉन खरोखर वेग घेतात याचा खात्रीलायक पुरावा हाती येण्यास २०१३ साल उजाडावे लागले. फर्मी उपग्रहाने आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ या दोन अतिनवतारा-अवशेषांमधून येणाऱ्या गॅमा किरणांत पायॉन कणांच्या ऱ्हासाची खूण टिपली. तर्क आणि पुरावा यांच्यात जवळजवळ ऐंशी वर्षांचे अंतर पडले. बेरिलियमच्या सिद्धांताचा मधला दुवा एवढा काळ गृहीतच धरला गेला होता, ही बाब इतिहासलेखनात सहसा नजरेआड होते.

१९९० च्या दशकात या चित्राला वेगळे वळण मिळाले. आकाशगंगेतील अतिप्राचीन, लोहाचे प्रमाण अत्यल्प असलेल्या ताऱ्यांत बेरिलियम मोजण्यात आले. हबल दुर्बिणीने बोरॉनही मोजला. वायूतील कार्बन-ऑक्सिजनवर प्रोटॉन आदळून ही मूलद्रव्ये निर्माण होत असतील, तर सुरुवातीच्या काळात ती फारच थोडी असली पाहिजेत. कारण त्या वेळी अतिनवतारेही थोडे आणि फुटायला कार्बन-ऑक्सिजनही थोडा. त्यांची वाढ लोहाच्या वाढीच्या वर्गाच्या प्रमाणात व्हायला हवी. प्रत्यक्षात ती लोहाच्या सरळ प्रमाणात झालेली दिसली. यावरून आदळणारे आणि फुटणारे यांच्या भूमिका बदलाव्या लागल्या : अतिनवताऱ्यांच्या परिसरातील कार्बन आणि ऑक्सिजनच वेगाने धावतात आणि स्थिर हायड्रोजन-हेलियमवर आदळून स्वतः फुटतात. म्हणजे कच्चा माल व तो फोडणारी ऊर्जा ही दोन्ही स्फोटक ताऱ्यांचीच देणगी ठरली.

बोरॉनच्या बाबतीत आणखी एक मार्ग पुढे आला. जड ताऱ्याचे केंद्र कोसळते तेव्हा मुक्त होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो घेऊन जातात. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलन मेघातील अतिनवताऱ्याकडून आलेले मूठभर न्यूट्रिनो जपान, अमेरिका व रशियातील यंत्रांनी टिपले. हे कण पदार्थाशी क्वचितच आंतरक्रिया करतात, पण त्यांची संख्या एवढी अफाट असते की कार्बनच्या थरातून जाताना काही अणुकेंद्रांतून एखादा प्रोटॉन वा न्यूट्रॉन उडवून ते बोरॉन-११ मागे ठेवू शकतात. स्टॅन वूझ्ली व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे गणित मांडले. विश्वकिरणांच्या हिशेबात बोरॉन-११ व बोरॉन-१० यांचे गुणोत्तर अडीचच्या आसपास येते, तर अशनींत ते चार आहे. ही तूट न्यूट्रिनोंनी भरून निघते, असे मानले जाते. प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार त्याला अद्याप मिळालेला नाही.

लिथियम-७ आणि नवतारे

सर्वांत चिवट ठरले ते लिथियम-७. विश्वकिरणांच्या ठिकऱ्यांत लिथियम-७ आणि लिथियम-६ यांचे प्रमाण दीड-दोनास एक असे निघते. अशनींत ते बारास एक आहे. महास्फोटाचा वाटा मिळवूनही तोंडमिळवणी होत नाही. १९८२ मध्ये फ्रान्स्वा आणि मोनिक स्पीत या फ्रेंच दांपत्याने प्राचीन ताऱ्यांतील लिथियम मोजले, तेव्हा ते सर्वत्र जवळपास सारखे आणि अशनींतील लिथियमच्या दहाव्या हिश्श्याहूनही थोडे कमी आढळले. हे आदिम लिथियम असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे विश्वपार्श्वभूमीच्या प्रारणावरून महास्फोटातील लिथियमचे गणित अधिक काटेकोर झाले, तेव्हा ते या मापाच्या सुमारे तिप्पट निघाले. ही विसंगती 'लिथियमची समस्या' म्हणून ओळखली जाते. परंतु त्याचबरोबर दुसरी, कमी गाजलेली समस्याही उभी राहिली : प्राचीन ताऱ्यांच्या काळापासून सूर्याच्या जन्मापर्यंत आकाशगंगेत लिथियम वाढले कसे?

उत्तराचे बीज फार पूर्वी पडले होते. अँड्र्यू मॅकेलर यांना १९४० मध्ये डब्ल्यूझेड कॅसिओपिया या तांबड्या ताऱ्याच्या वर्णपटात लिथियमची विलक्षण ठळक रेषा आढळली होती. लिथियम जाळणारा तारा लिथियमने समृद्ध कसा? कॅनडातील अ‍ॅलिस्टर कॅमेरॉन यांनी १९५५ मध्ये एक युक्ती सुचविली आणि १९७१ मध्ये फाउलर यांच्यासह ती पूर्णत्वास नेली. हेलियम-३ आणि हेलियम-४ यांच्या संयोगातून प्रथम बेरिलियम-७ तयार होते. ते किरणोत्सारी असून त्याचे अर्धायुष्य ५३ दिवसांचे आहे. एक इलेक्ट्रॉन गिळून ते लिथियम-७ बनते. तप्त भागात घडलेले बेरिलियम-७ लिथियममध्ये बदलण्यापूर्वीच थंड भागात पोचले, तर पुढे तयार होणारे लिथियम वाचते. सारा प्रश्न वेळेचा आहे.

नवतारा ही या शर्यतीसाठी आदर्श जागा ठरते. नवताऱ्यात श्वेतखुजा तारा आपल्या जोडीदाराकडून हायड्रोजनयुक्त वायू ओढून घेतो. हा थर साचत गेला की त्याच्या तळाशी अणुकेंद्रीय प्रज्वलन अनावर होते, तापमान दहा कोटी अंशांच्या पार जाते आणि सगळा थर सेकंदाला शेकडो ते हजारो किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. श्वेतखुजा मात्र शाबूत राहतो आणि पुन्हा वायू साठवू लागतो. मार्सेल आर्नू आणि नॉरगार्ड यांनी १९७५ मध्ये या स्फोटात लिथियम-७ निर्माण होण्याची शक्यता मांडली. १९७८ मध्ये समर स्टारफील्ड आणि सहकाऱ्यांनी स्फोटाच्या गणिती प्रतिकृतींतून तिला बळ दिले. त्यानंतर मात्र जवळजवळ साडेतीन दशके निरीक्षकांच्या हाती काहीच आले नाही. ६७०.८ नॅनोमीटरवरील लिथियमची रेषा नवताऱ्यांत शोधूनही निर्विवादपणे मिळेना. चुकीच्या जागी शोध चालू होता, असे आता मागे वळून पाहता म्हणता येते. लिथियम अजून बनलेलेच नसेल तर त्याच्याऐवजी त्याच्या जनकाला, म्हणजे बेरिलियमला, शोधले पाहिजे होते. अडचण अशी की, बेरिलियमच्या आयनाची रेषा ३१३ नॅनोमीटरच्या आसपास, जंबुपार भागात येते आणि तेथे पृथ्वीचे वातावरण बराचसा प्रकाश शोषून घेते.

१४ ऑगस्ट २०१३ रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना धनिष्ठा तारकासमूहात एक नवतारा दिसला. तो पुढे नुसत्या डोळ्यांनीही दिसण्याइतका तेजस्वी झाला. अकितो ताजित्सू आणि सहकाऱ्यांनी हवाई बेटांवरील ८.२ मीटर व्यासाच्या सुबारू दुर्बिणीने स्फोटानंतर ३८ ते ४८ दिवसांच्या काळात त्याचा वर्णपट घेतला. सेकंदाला हजार किलोमीटरहून अधिक वेगाने पृथ्वीच्या दिशेने येणाऱ्या वायूत त्यांना बेरिलियम-७ च्या जोडरेषा आढळल्या. स्थिर बेरिलियमचा वस्तुमानांक नऊ. त्याच्या रेषा किंचित वेगळ्या जागी येतात, आणि त्याच वायूतील हायड्रोजन व कॅल्शियमच्या रेषांशी वेग ताडून पाहता हा समस्थानिक सातच असल्याचे ठरले. दोन महिन्यांपेक्षाही कमी काळापूर्वी घडलेले आणि अर्ध्याहून थोडे अधिकच शिल्लक असलेले अणुकेंद्र प्रत्यक्ष दिसावे, असे प्रसंग खगोलशास्त्रात विरळा. हे संशोधन फेब्रुवारी २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लुका इत्सो आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर २०१३ मध्ये नरतुरंग तारकासमूहात उजळलेल्या नवताऱ्यात खुद्द लिथियमची रेषा ओळखल्याचे जाहीर केले. पाओलो मोलारो यांच्या गटाने पुढे धनू राशीतील २०१५ च्या नवताऱ्यात बेरिलियम-७ मोजले, आणि तेथे ते सैद्धांतिक अपेक्षेच्या कितीतरी पट निघाले.

भारतातील धागे

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर हे केंब्रिज येथे हॉइल यांचे शिष्य. त्यांनी हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये स्थिरस्थितीची सुधारित आवृत्ती मांडली, तेव्हा हलक्या मूलद्रव्यांचा जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. १९९८ मध्ये बर्बिज आणि हॉइल यांनी हेलियमसह सर्व हलके समस्थानिक ताऱ्यांतच निर्माण होतात, असा युक्तिवाद केला. ड्यूटेरियम आणि हेलियम यांच्याबाबत तो मान्य झाला नाही, आणि मान्य न होण्यास सबळ कारणे होती. ड्यूटेरियम ताऱ्यांत केवळ नष्ट होते. तरीही लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन यांच्यापुरते पाहिल्यास, या पराभूत मानल्या गेलेल्या पक्षाचा आग्रह वास्तवाच्या अधिक जवळ होता. शिवाय महास्फोटातील हलक्या अणुकेंद्रांचे १९६७ मधील पायाभूत गणित रॉबर्ट वॅगनर व फाउलर यांच्यासह स्वतः हॉइल यांनीच केले होते, हे लक्षात घेतल्यास 'पक्ष' हा शब्दही जपूनच वापरावा लागतो.

दुसरा धागा नारायणगावजवळील खोडदचा. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने, म्हणजे जीएमआरटीने, २००६ मध्ये स्फोट पावलेल्या आरएस ऑफियुकी या पुनरावर्ती नवताऱ्याचे निरीक्षण केले आणि कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी प्रथमच टिपल्या. अशा लहरी वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना निघतात. म्हणजेच नवतारेही कणांना गती देतात. हाच तारा ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा उजळला, तेव्हा नामिबियातील एच.ई.एस.एस. आणि ला पाल्मा येथील मॅजिक या दुर्बिणींना त्यातून अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण मिळाले, आणि मोलारो यांच्या गटाला त्याच स्फोटात बेरिलियम-७ सापडले. हलकी मूलद्रव्ये निर्माण करणारे दोन वेगळे मार्ग, ठिकऱ्यांचा आणि संयोगाचा, एका ताऱ्यात एकत्र आलेले दिसावेत, हा योग लक्षणीय आहे; ठिकऱ्यांच्या मार्गात नवताऱ्यांचा वाटा अतिनवताऱ्यांच्या तुलनेत किरकोळच असणार, हे खरे.

अपुरा हिशेब

एका नवताऱ्यातून बाहेर पडणारे लिथियम सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे एक अब्जांश, म्हणजे चंद्राच्या वस्तुमानाच्या दोन-तीन शतांशांएवढे, असा निरीक्षणांवरून अंदाज केला जातो. आकाशगंगेत वर्षाला २५ ते ५० नवतारे होत असावेत. अब्जावधी वर्षांचा गुणाकार केला तर तूट भरून निघते, असे गाब्रिएले चेस्कुत्ती आणि मोलारो यांनी २०१९ मध्ये दाखविले. परंतु स्फोटाच्या गणिती प्रतिकृती याच्या दहाव्या हिश्श्याएवढेच बेरिलियम देतात, आणि त्यांवर विसंबणारे अभ्यासक नवताऱ्यांचा वाटाही तितकाच लहान ठरवतात. निरीक्षणे आणि प्रतिकृती यांपैकी चूक कोठे आहे, हे वर्णरेषांवरून ठरणे कठीण; कारण रेषेच्या ठळकपणावरून अणूंची संख्या काढताना वायूच्या आयनीभवनाविषयी अनेक गृहीतके करावी लागतात.

निवाडा करणारी एक कसोटी मात्र उपलब्ध आहे. बेरिलियम-७ चे लिथियममध्ये रूपांतर होताना सुमारे दहापैकी एका वेळी ४७८ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण बाहेर पडतो. तो मोजला, तर अणूंची संख्या थेट मिळते. ऑक्टोबर २००२ मध्ये सोडलेल्या युरोपीय 'इंटिग्रल' उपग्रहाने हा किरण शोधला; २०१५ च्या धनू राशीतील नवताऱ्याकडेही त्या दृष्टीने पाहण्यात आले. कमाल मर्यादेपलीकडे काही हाती लागले नाही, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इंटिग्रल'ची निरीक्षणे थांबली तेव्हा ती रेषा कोणत्याही नवताऱ्यात न सापडलेलीच राहिली होती. या ऊर्जेच्या टप्प्यात पाहू शकणारा 'कॉझी' हा अमेरिकी उपग्रह २०२७ मध्ये सोडण्याची योजना आखण्यात आली आहे.